रेडिएटरचा रक्त

३ नोव्हेंबर, क्रॉयडन

पोचले एकदाची. लेक, मालविका, विमानतळावर गळ्यात पडून रडली. तिला म्हटलं, रडायला मला एवढ्या लांब आणलंस होय? आता नातीची अर्धी कोरी वही हातात दिलीय. दिवसभर आमचं डोकं खाऊ नकोस, लिहीत बस म्हणाली. चौथी नापास बाईला रोजनिशी! लिहिते.

घर छान आहे. नवीनच भाड्याने घेतलंय. बाहेर हाडं गोठतात, आत पोलक्यावर बसावं अशी ऊब. भिंतींना पांढऱ्या लोखंडी पेट्या आहेत, त्यांना रेडिएटर म्हणतात. जावई जयंतरावांनी कौतुकाने समजावलं. स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलर, तो गॅसवर पाणी तापवतो. पंप ते ढकलतो. सगळ्या पेट्यांतून फिरून, गार होऊन पाणी परत बॉयलरात. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. म्हटलं, म्हणजे आमचा बंबच की, फक्त आंघोळ कुणी करत नाही.

नऊ वर्षांच्या नातीला, अनुयाला, बंब कुठला ठाऊक! तिला शिकवलं, जेवढं गरम काढलं तेवढं गार वरून घालायचं, नाहीतर बंब फुटतो. पोरीने घोकून पाठ केलं.

५ नोव्हेंबर

अनुयाच्या खोलीतली पेटी खाली तापते, वर गार. ती म्हणाली, आजी, रेडिएटरचा रक्त काढायचा आहे. रक्त ‘तो’ कधीपासून झाला, विचारलं. जयंतराव हसायला लागले. इंग्रजीत ‘ब्लीड करणं’ म्हणतात म्हणे, आत अडकलेली हवा सोडायची. वरच्या कोपऱ्यात पितळी चावी घालून पाव फेरा दिला. फुस्स झालं. मग खाली धरलेल्या वाडग्यात काळं पाणी, मग लाल. गंज आहे आई, म्हणाले.

वाडगा ओतायला मी उचलला. कोमट होता, आणि आतलं दह्यासारखं गोठत होतं. चाळीस वर्षं कोंबड्या कापल्यात मी. गंज कळतो मला.

७ नोव्हेंबर

सकाळी घर गारठलेलं. बॉयलरवर तबकडी आहे, तिचा काटा एकाच्या वर हवा. तो शून्यावर. पाणी कमी झालं, भरायला हवं, म्हणत जयंतराव खालचा नळ उघडायला वाकले. नळाने त्यांची दोन बोटं घेतली. कापली नाहीत. ओढली, मुळासकट. हाड मोडल्याचं मी ऐकलं. फरशीवर एक थेंब नाही.

मालविका त्यांना घेऊन हॉस्पिटलात धावली. काटा जरासा वर चढला. पेट्या तापल्या.

अनुयाने विचारलं, बाबाचा रक्त आत गेला का. या वेळी तिची चूक काढली नाही.

९ नोव्हेंबर

बॉयलरवाला गोरा आला. भला माणूस, बूट दाराशी काढले. म्हणाला, गळती कुठेच नाही, मग पाणी गेलं कुठे? झाकण काढून हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला. मग जो ओरडला— मी कमरेला धरून ओढलं. तो आला. हात नाही आला. पाईप गटागटा वाजत होते.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना हात सापडला नाही. बूट अजून दाराशीच आहेत.

काटा अर्ध्यावर.

१० नोव्हेंबर, सकाळ

बॅगा भरल्या. जयंतराव हॉस्पिटलातच. मालविका पोलिसांकडे, जबानी द्यायला. अकराला टॅक्सी घेऊन येते म्हणाली. पेट्या आतून धडधडतात. काटा खाली, खाली—

साडेदहा

आवाज थांबावा म्हणून अनुयाने सगळ्या पेट्या उघडल्या. चावीने. जिन्यावरून लाल वाहतंय. मग पोरीला माझा बंब आठवला. काढलं तेवढं घालायचं. नळाखाली हात घालणार होती. मीच शिकवलेलं.

वेणीला धरून मागे फेकली. पेट्या बंद करायला पिटाळली. हात मी घातला. उजवा. वही ओट्यावर आहे, डाव्याने लिहिते.

कोपरापर्यंत गेला. मनगट मोडलं. चिपाड म्हातारी, निघणार किती— काटा पाऊण. एकावर आला की सोडेल. मालविका, मला ओढत बसू नकोस. पोरीला घे आणि चालती हो—

खांदा—

अनुया परत आली. चावी घेऊन. बाहेर जा म्हटलं तर ऐकत नाही. रडत नाही कार्टी, माझ्यावर गेलीय. तुला सोडवते म्हणते. पेटीतून परत काढते म्हणते, आजीचा रक्त—

नको गं, काढलंस की तेवढंच पुन्हा—