कुणालाच नको असलेलं टेबल

मोहने
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

माझ्या सान्वीला आजीचा भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. कपडे धुऊन धुऊन माझा खांदा तेवढा कुरकुरतो. अक्षराला हसू नकोस, तिसरीत शाळा सुटली माझी. फोनच केला असता, पण तुझे आजोबा शेजारी बसून ऐकतात आणि मध्येमध्ये बोलतात.

परवा तू रडत होतीस. संदेशरावांनी न विचारता सोफा ठरवला, आता डोंबिवलीच्या त्या खोलीत तुझ्या शिलाई मशीनला जागा नाही. मी म्हटलं, "गप्प बस गं, नवरा घरासाठीच आणतो." तू खरंच गप्प झालीस, फोन ठेवलास. तेव्हापासून माझा कशात जीव लागत नव्हता.

आता गंमत ऐक. आपलं जेवायचं टेबल, ज्याच्यावर कुणी कधी जेवलं नाही, नुसत्या लोणच्याच्या बरण्या असतात, ते काल ह्यांच्या पायाच्या करंगळीला लागलं. ओरडले, "तुझ्या हौसेपायी आणलं हे!"

"माझ्या? अहो, हौस तुमची!"

"माझ्या साहेबांकडे पूजेला गेलेलो, तेव्हा टेबलावरून हात फिरवत छान छान कोण करत होतं?"

"पाणी सांडलेलं, ते पुसत होते! आणि लोकांच्या घरी काय वाईट म्हणायचं?"

"मग आणलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंत म्हणून!"

एकोणीस वर्षं गं! हसता हसता ह्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "बरं, तुला काय हवंय?" बावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विचारलं. मी लाजलेच! म्हटलं, कपडे धुवायचं मशीन. रविवारी दोघं बघायला जाणार आहोत. टेबलाच्या जागी बरोबर बसेल.

म्हणून परवाचं माझं बोलणं मी परत घेते. गप्प बसू नकोस. सोफा अजून दुकानातच आहे ना? तुझं शिलाई मशीन कुठे ठेवायचं ते संदेशरावांना दाखव. त्यांना सोफा का हवाय तेही विचार. तुझ्या माहेरची माणसं आली तर बसवायचं कुठे, एवढंच मनात असेल बिचाऱ्यांच्या.

टेबल मजबूत आहे. कापड कापायला हवं तर पाठवते. पण एकटीनं हो म्हणू नकोस. दोघांनी मिळून फोन करा. नको असेल तर सरळ नको म्हणा, मला राग येणार नाही.

परवा चुकलेली, आज खुशीत असलेली
तुझी आजी