दाढीखालची हनुवटी

१२ जानेवारी
सईला दौंडच्या दातांच्या डॉक्टरांनी आज प्लेटा बसवल्या, वर एक, खाली एक. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे सरकतो. जेवतानाही काढायच्या नाहीत. "हाडं वाढतायत तोवरच उपयोग. हे वय गेलं की ऑपरेशन." तेरावं लागलंय. म्हणजे आत्ताच.

१५ जाने.
थोरले दीर, आप्पा, आले. सईला अंगणात उभी केली. "तोंड उघड गं. बैलाला मुसकं बांधत्यात तसं बांधलं की पोरीला!" मग मला, "आपल्या घराण्याची हनुवटी हाय ही. आमाला काय कमी पडलं?"
काय कमी पडलं ते दाढीखाली आहे. घरातला एकूणएक पुरुष मिसरूड फुटल्यापासून दाढी राखतो आणि त्याला मर्दानी म्हणतो. हेसुद्धा. लग्नात ह्यांची हनुवटी मला दिसलीच नव्हती. पोरीने काय राखायचं?
आप्पांपुढे ह्यांची नुसती मान हलते.

२ फेब्रु.
प्लेटा डबीत, डबी दप्तराच्या तळाशी. कधीपासून, सई सांगत नाही. "आप्पा म्हणले, ऱ्हाऊ दे." पोरीचं वय निघून चाललंय आणि आप्पांना घराणं! मी खूप ओरडले. तिने घातल्या नाहीतच.

२४ फेब्रु.
ह्यांच्या चुलत्यांचा दहावा. भीमेच्या घाटावर पोरं-पुतणे न्हाव्यापुढे रांगेने बसले. डोकी, मिशा, दाढ्या, सगळं उतरलं.
उठले तर एकेकाचा ओठ संपला की थेट गळा. आप्पांचा तर विचारूच नका. सुतकात हसू कुठं लपवू, पदर तोंडात कोंबला. सई बघत होती. आधी आप्पांकडे, मग बाबांकडे.
घरी येऊन तिने डबी काढली, प्लेटा घासल्या, घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

१ मार्च
आप्पा तोंडाला उपरणं गुंडाळून सोसायटीच्या मीटिंगला. म्हणे, "धूळ लय हाय." हे मास्क लावून. बाणेदार घराणं!

२० एप्रिल
दौंडला आज हे स्वतः घेऊन गेले. सई सांगत होती, निघताना बाबांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, माझ्या वयाला काय...?" ते म्हणाले, तुमची वाढ संपली. मी हसायला गेले, हसू आलं नाही. पहिल्यांदाच वाईट वाटलं या माणसाचं.
सईचा जबडा पुढे दिसतोय. पण हाड वाढलंय की सवयीने तीच पुढे धरतेय, ते आत्ता सांगता येत नाही म्हणे.
"म्या न्हाई धरत, आई."
आरशापुढे बाजूने उभी होती. मागे हे, नवी दाढी चाचपत, तिच्याच हनुवटीकडे बघत.