पिशवी ऐकत नाही म्हणे

कोल्हापूर,
ऑक्टोबर १९९९

ती. अक्काच्या पायांवर धाकट्या मालनचा दंडवत.

गडहिंग्लजला सगळी खुशाल असाल. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला यांपैकी काय कमी झालं ते कळव. (दोन्ही वाढलं असेल तर गुडघ्यांचंच कळव, भावजी काही विडी सोडणार नाहीत.) मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

श्रावणापासून माझं अंगावरून जायचं थांबेना, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फार गोडीनं समजावलं. आपल्या अंगात प्रोजेस्टेरॉन म्हणून एक द्रव्य तयार होतं. ते गर्भपिशवीच्या अस्तराला सांगतं, बाई, आता वाढायची थांब. हे ऐकून घ्यायला अस्तरात रिसेप्टर असतात, म्हणजे कानच समज. माझ्या वयात (वय मी दोन वर्षं कमीच सांगितलं) ते द्रव्य कमी पडतं, अस्तर वाढत बसतं आणि मग असा पूर येतो. म्हणून त्याच जातीच्या गोळ्या दिल्या, एकही न चुकवता घ्यायच्या.

पाकीट फळीवर ठेवलं आणि तिथंच फसले. सासूबाईंनी गोळी ओळखली. गौरीच्या सणाला पाळी लांबवायला गल्लीतल्या बायका घेतात तीच ही. (औषधाचा दुकानदार प्रत्येकीच्या नवऱ्याला ओळखतो, त्यामुळे मागायची चोरी.) घरात एवढं पुण्य पडून आहे तर वाटावं, असं सासूबाईंना वाटलं. जी हळदीकुंकवाला आली तिच्या हातावर गोळ्या, प्रसाद द्यावा तशा. पाकीट हलकं होताना मला दिसत होतं, पण सणासुदीला सासूशी वाद कोण घालणार? उरल्या तेवढ्या मी घेतल्या. साऱ्या गल्लीत गौरी निर्विघ्न जेवल्या आणि आमच्या घरची गौर मी दारातून पाहिली.

पुन्हा तपासायला गेले तेव्हा सासूबाई शेजारीच. सगळ्या गोळ्या घेतल्या ना, असं बाईंनी विचारलं, मी हो म्हणून मान डोलावली. सोनोग्राफी बघून त्या गंभीर झाल्या. औषध पोटात जाऊनही अस्तर दाद देत नाही, रिसेप्टर ऐकत नसावेत. आतला तुकडा काढून तपासू, पण पिशवी काढायचीही तयारी ठेवा. अक्का, मी घाबरले गं. मला आता पोरं नको आहेत, तरी माझ्या पोटातलं काही ऐकत नाही म्हणून काढून टाकायचं, या विचारानं रिक्षातच रडू फुटलं. हे तर भाकरी न खाता उठले, लग्नानंतर प्रथमच. बातमी गल्लीत गेली आणि शेजारच्या अंबूबाई पदरानं डोळे पुसत आल्या.

"वैनी, तुमच्या पिशवीचं काय बी चुकल्यालं न्हाय. गोळ्या आमी गिळल्या की."

हे तसेच सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी कपाळाला हात लावला. तुकडा तपासला, त्यात काही वाईट निघालं नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पाकीट ह्यांच्या कुलपात आहे, आणि या खेपेला पिशवी शहाण्यासारखी ऐकते आहे. (घरात तेवढी एकच माझं ऐकते.)

भावजींना नमस्कार.

तुझी,
मालन

ता. क. तुमच्या वास्तुशांतीत तुझ्या सुनेला, स्नेहलला, पाळीची अडचण नको म्हणून तू मागितलेल्या गोळ्या मी पाठवत नाही. तिला डॉक्टरांना विचारू दे, नाहीतर आहे तशी बसू दे पूजेला.

आणखी ता. क. गोळ्या संपल्या की पाळी येणार, आणि तुझा मुहूर्त नेमका त्यातच पडतो. तरी मी येणार आहे. मला बाजूला बसवणार असशील तर आत्ताच कळव, आहेराची साडी मी अंबूबाईंना देऊन टाकते.