रुईच्या बुंध्यावर लादी न बसवण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी साहेब,
सुशोभीकरण कक्ष, विभाग कार्यालय, परळ.

विषय : खारवाडी स्मशानभूमीतील बालदफनाच्या जागेत रुईचा बुंधा राहू देणेबाबत.
संदर्भ : रुई कुंडीत हलवावी असे सुचवणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार हा बंद गिरणीतला जुना जॉबर असून सून मेघना हिच्याकरिता हा अर्ज करीत आहे. तिने स्वतः लिहायला घेतलेला अर्ज 'महोदय'च्या पुढे गेला नाही.

२. मेघनाची मुलगी बारशाआधीच गेली. अर्जदाराच्या लोकांत एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तिथे दगड, नाव, खूण काही ठेवू देत नाहीत. म्हणून मेघनाने कॉटन ग्रीनच्या गोदामामागून रुईचे रोप आणून त्या जागी लावले. रुईच का, असे आपल्या लिपिकांनी विचारले होते. तिला गुरे तोंड लावत नाहीत आणि पाण्यावाचूनही ती तगते, म्हणून.

३. सुरुवातीला पट्टेरी सुरवंट पाने फस्त करीत, ते मेघना काडीने उचलून टाकायची. मग तिला पानाखाली हिरवा कोष दिसला आणि त्यातून तांबूस फुलपाखरू निघालेले दिसले. त्यानंतर तिने एकही सुरवंट काढला नाही. बाळ गेल्यापासून अर्जदाराने तिला एकदाच हसताना पाहिले, ते त्या झाडापाशी.

४. पुढे फांद्या भिंतीपलीकडे गल्लीत गेल्या. शनिवारच्या मारुतीच्या माळेसाठी लोक सुरवंटांसकट पाने ओरबाडू लागले. भांडण नको म्हणून मेघनाने गल्लीच्या बाजूने पाटी लावली की, झाड स्मशानातले आहे, पाने देवाला वाहू नयेत. इथेच घात झाला. इतके दिवस मारुतीला स्मशानातली पाने घातली हे कळताच गल्ली खवळली. तक्रारीवर सह्या झाल्या, त्यात अर्जदाराच्या मजल्यावरच्याही आहेत. चीक डोळ्यात जाऊन पोरे आंधळी होतील, असे तक्रारीत म्हटले आहे. चीक वाईट, हे अर्जदार मान्य करतो. पण तिथे जी पोरे आणतात त्यांचे आता काय व्हायचे राहिले आहे, साहेब?

५. गेल्या शनिवारी आपल्या माणसांनी झाड तोडले. रविवारी मेघना गेली तेव्हा पडलेल्या फांद्यांवर सुरवंट सुकली पाने चावत होते. तिने ते ओढणीत भरून घरी आणले व टोपलीत ठेवले. त्यांच्यासाठी अर्जदार या वयात परळभर रुई शोधत फिरला. मिळाली ती पुरली नाही. बहुतेक मेले. ती अजून टोपली हलवू देत नाही.

६. कुंडीबाबत निवेदन असे की, रुईचे मूळ खोल जाते, ते निघायचे नाही. आणि निघाले तरी मेघनाने घरी कुंडीसमोर बसून काय करायचे, हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही.

७. रुई तोडल्या बुंध्यातून पुन्हा फुटते. परंतु सोमवारपासून तिथे लाद्या बसणार आहेत आणि नकाशातली एक लादीही आपल्या मंजुरीशिवाय गाळता येत नाही, असे मुकादम सांगतात. तरी बुंध्यावरची तेवढी एक लादी गाळण्यास मंजुरी मिळावी, ही हात जोडून विनंती.

८. तेही नियमात बसत नसल्यास, काम चालू असताना अर्जदारास तिथे उभे राहू द्यावे, म्हणजे नात कोणत्या लादीखाली आहे ते घरी येऊन मेघनाला सांगता येईल.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
कुशाबा लवू घाडी
भिकोबा चाळ, परळ
दि. ६ फेब्रुवारी २०२५

सोबत : आपल्या पत्राची प्रत व मृत्यूचा दाखला.