कोपरा फाटलेलं कार्ड

३ एप्रिल १९६१, सोमवार

ठरलं. अर्ज करायचा!

छापखान्याचे मालक दिनानाथराव. त्यांनी आज मुंबईचा पेपर माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, हे तुमच्या कामाचं दिसतंय. गिरगावातली एक संस्था पुस्तकांच्या संपादनाचा वर्ग काढते आहे. वर्षभराचा, शेवटी प्रमाणपत्र. मॅट्रिक पुरे. बायकांनी अर्ज करू नये असं कुठेही म्हटलेलं नाही — पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं.

इतकी वर्षं अलिबागेत प्रुफं तपासते आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, साप्ताहिकाची चार पानं. दुसऱ्याच्या चुका काढायची एवढी सवय लागली आहे की हे म्हणतात, घरात तोंड उघडायची चोरी झाली. पण प्रुफं म्हणजे उष्टी काढणं. लिहिलेल्याचं पुस्तक कसं होतं ते मला शिकायचं आहे. कुणी शिकवणार असेल तर मी जाणारच.

४ एप्रिल

यांना सांगितलं. जेवता जेवता "हं" म्हणाले. मग सांगितलं की पावसात रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँची बंद, तेव्हा ते चार महिने मला मुंबईला दादूभावजींकडे राहावं लागेल. तेव्हा घास थांबला. म्हणाले, आधी त्यांनी घेऊ तर दे तुला. म्हणजे होच!

सासूबाईंना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्यांनी विचारलं, लिवलेला परत कशाला लिवायचा? प्रश्न काही अगदीच वाईट नाही.

८ एप्रिल

माहितीपत्रक आलं. अर्जाबरोबर दुसऱ्या कुणाचं तरी वीसेक पानांचं न छापलेलं लिखाण जोडायचं. एक प्रत मूळची, एक आपण सुधारलेली. त्यावरून निवड आणि मेच्या मध्याला मुलाखत. बोलावणं कार्डाने येईल.

लिखाण कुणाचं? दिनानाथराव आपल्या कविता द्यायला एका पायावर तयार होते. देवा!

भागुआत्याचं देणार. मला आईवेगळीला तिनेच वाढवलं, शाळेत तिनेच घातलं — सगळं न्हावं गाव नावं ठेवत असताना. तिचा जन्म तिथल्या मिठागरात गेला. दिवाळीला गेले होते तेव्हा तिच्यापाशी बसून ती बोलेल तसं उतरून घेतलं होतं. भरतीचं पाणी आत कधी घ्यायचं, मीठ कधी ओढायचं, मुकादमाला शिव्या कशा द्यायच्या. तेव्हा नुसतं हौसेने लिहिलं होतं, आता उपयोगाला आलं.

१३ एप्रिल

आत्याला आवरणं सोपं नाही! एकच गोष्ट तीनदा सांगते आणि दर वाक्यानंतर "समजला का?" मी सगळे "समजला का?" काढून टाकले, दुबार-तिबार सांगितलेलं छाटलं आणि यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, चांगलंय, मामलेदार कचेरीतून आल्यासारखं वाटतंय. रागच आला. पण खरं होतं.

मग एक "समजला का?" परत घातला. एकच. जिथे ती म्हणते, "वारा सुटला का मीठ आपसूक येतं, त्याला हाक मारायला लागत न्हाय. समजला का?" तिथे. आणि सगळी पानं जागी झाली. का झाली ते मला सांगता येणार नाही. तेच शिकायला जायचं आहे.

१५ एप्रिल

अर्ज टाकला. रजिस्टर्ड!

संध्याकाळी रेवसच्या लाँचवरच्या तांडेलाकडून माझ्या चुलतभावाचा, कोंडाजीचा निरोप आला. आत्या शिमग्यापासून अंथरुणाला आहे, तुझी आठवण काढते, येऊन जा. पुढच्या रविवारी जाते म्हणून उलट निरोप धाडला.

२३ एप्रिल, रविवार

गेले नाही. साप्ताहिकाचा खास अंक, रविवारीही छापखाना चालू. ज्या बाईने प्रमाणपत्रासाठी अर्ज केला तिने आत्ताच दांडी मारली तर दिनानाथराव काय म्हणतील? पुढच्या रविवारी नक्की.

२६ एप्रिल

अर्ज पोचल्याचं कार्ड आलं. आणि काय गोंधळ! तिथल्या कारकुनाने टाचणी ओढून काढताना कार्डाचा कोपराच फाडला होता. आणि आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचं कार्ड. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. सासूबाई अंगणात हात पसरून उभ्या. "थयच थांब. भायेरच वाच."

मी उन्हात उभी राहून मोठ्याने वाचलं — आपला अर्ज मिळाला, कळावे. तरी त्यांनी ते घरात येऊ दिलं नाहीच. छपराच्या वाशाला खोचून ठेवलं आहे. मी हसत होते, त्या नव्हत्या.

३० एप्रिल, रविवार

यांना ताप. न्हाव्याला जाणं राहिलं.

५ मे

संध्याकाळी घरी आले तर दारात रडारड. सासूबाई ओल्या लुगड्याने बसलेल्या, शेजारची ठमी त्यांना धरून. दुपारी पोस्टमन कुंपणाच्या काठीत कार्ड खोचून गेला. कोपरा फाटलेला. घरात वाचणारं कुणी नाही, ठमीलाही वाचता येत नाही. असलं कार्ड दारात संध्याकाळपर्यंत ठेवायचं कसं? फाडलं आणि खाडीत सोडलं. न वाचता!

आता त्यांनी धरलंय की दादूभावजी गेले. मुंबईहून दुसरं कशाला कार्ड येणार? पण मुंबईहून आलं हे कशावरून, विचारलं तर त्या पुन्हा रडू लागल्या. आज चूल पेटली नाही. हे पहाटे मुंबईला जाणार.

७ मे, रविवार

हे परत आले. दादूभावजी ठणठणीत! गोदीतून येऊन भाकरी खात बसले होते, यांना बघून त्यांचीच भीतीने गाळण उडाली. सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग ओरडल्या की एवढ्या लांब गेलास, त्याला बोंबील नेले नाहीस.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गिरगावचा कारकून! त्याची टाचणी! माझं बोलावणं आलं होतं आणि आमच्या घराने त्याचं सुतक पाळलं!

सगळ्यांना सांगितलं. वाशातलं पहिलं कार्ड काढून दाखवलं — बघा, हाच तो फाटका कोपरा. सगळ्यांना पटलं. पटायलाच हवं होतं, माझ्या बोलण्याला कुठे फट नव्हती. सासूबाई म्हणाल्या, मेल्याच्या हाताला कुणी वळण लावलं न्हाय का. रात्री तळलेले बोंबील.

झोपताना हे म्हणाले, "न्हाव्याला एकदा विचारून येऊ का? आत्या आजारी आहेत."

मी म्हटलं, तिथून काही असलं तर कोंडाजी माणूस धाडेल, कार्ड कशाला टाकेल? आणि हे कार्ड माझं आहे. मुलाखत झाली की तशीच मोरा बंदराच्या लाँचने न्हाव्याला जाईन, निवड झाल्याचं आत्याला स्वतः सांगेन. यांनी दिवा बारीक केला.

११ मे

मुलाखतीचा दिवस कळायला मार्ग नाही. पत्र टाकून उत्तर येईपर्यंत सगळं होऊन जाईल. थेट जाऊन उभी राहणार. इरकली लुगडं काढून ठेवलं.

१६ मे, दादूभावजींकडे

घेतलं! मला घेतलं!

सगळं नीट लिहायला हवं. ऑफिस म्हणजे एका पुस्तकाच्या दुकानावरची खोली. कारकून पोरगेलासा, मला बघून गोंधळलेला. कार्ड मिळालं पण घरच्यांकडून फाटलं, म्हणून अशीच आले, असं सांगितलं. तो काही बोलायच्या आत आतून एक वयस्कर गृहस्थ आले. वर्ग तेच घेणार आहेत. माझं नाव ऐकून म्हणाले, अरे, त्या मिठागरवाल्या बाई! या, बसा.

माझी पानं त्यांच्या टेबलावर होती. खुणा केलेली. मूळ प्रतीत पानोपानी असलेलं "समजला का?" तुम्ही एकाच ठिकाणी का ठेवलंत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळेच काढले तर आत्या उठून गेल्यासारखं वाटत होतं. ते मोठ्याने हसले. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "हे शिकवता येत नाही. बाकीचं आम्ही शिकवू. जूनपासून या."

आणि मग, "आत्याबाई आहेत ना अजून?"

"आहेत की," मी म्हटलं.

जिना उतरताना तो कारकून मागून धावत आला. तुम्हाला कार्ड मिळालं म्हणालात, ते कुठलं? मुलाखती पुढे ढकलल्या आहेत, आमची कार्डं अजून गेलेलीच नाहीत, उद्या टपालात पडणार. त्याने गठ्ठा दाखवला. वरचंच माझं होतं. चारही कोपरे शाबूत.

मघापासून "घेतलं, घेतलं" लिहीत बसले आहे. पहिली लाँच सकाळी.

१७ मे, न्हावं

तेरावं परवा झालं. अंगणात मांडव सोडवत होते.

कोंडाजी म्हणाला, "कार्ड भेटला न्हाय का तुला?"

मी म्हटलं, भेटलं.