निळ्या टी-शर्टातली खोट

अण्णा, गेल्या आठवड्यात दुकानाच्या माळ्यावरून छपाईच्या लाकडी चौकटी खाली उतरवल्या. जाळी ताणून तुम्ही स्वतः खिळे ठोकलेल्या, त्याच. आता कॉम्प्युटरमधून फिल्म निघते, ती कपड्यावर ठेवून गरम प्रेसखाली दाबली की काम झालं. रंगाचा वास नाही, नखं निळी होत नाहीत, आणि गिऱ्हाईक चहा संपवेपर्यंत माल घेऊन जातं. चौकटींच्या मागे माझी पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत तो निळा टी-शर्ट, तुम्ही दिला होता त्याच घडीत. सव्वीस वर्षांत मी तो एकदाही घातला नाही. का घातला नाही, हे मला अजून कुणाला धड सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

आजोबा वैजापूरकडे मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खुणा करायचे आणि तुम्ही शहरात येऊन माणसांच्या पाठीवर करायला लागलात, असं तुम्हीच हसत सांगायचात. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आधी कापडी पिशव्या छापल्या, मग शाळांचे, मंडळांचे आणि वाळूजच्या कंपन्यांचे टी-शर्ट. बिघडलेला नग बाजारात जायचा नाही, घरी यायचा. त्यामुळे आमचं लहानपण दुसऱ्यांच्या नावांत गेलं. आई पोळ्या गुंडाळायची त्या फडक्यावर कुठल्या तरी कंपनीचा सुरक्षा सप्ताह असायचा, आणि भाऊ ज्या कबड्डी संघाचा बनियन घालून हिंडायचा त्या संघाचं गावही त्यानं पाहिलेलं नव्हतं. पण बिघडलेला नगसुद्धा फुकट अंगावर चढत नसे. तुम्ही चुलीपाशी पाटावर बसायचात, नग मांडीवर पसरायचात आणि म्हणायचात, "खोट सांग, मग घाल." भाऊ तोंडाला येईल ते ठोकून द्यायचा. मी मात्र बल्बखाली धरून बघत बसायची. रंग कडेनं फुटलाय, दुसरा रंग केसभर सरकलाय, छाप बोटभर खाली आलाय. आई म्हणायची, पोरीला जेवू तरी द्या. माझं सगळं शिक्षण त्या पाटासमोर झालं, कॉलेजात काय शिकले ते आता आठवतही नाही.

मग तो कबड्डीचा प्रकार. आपले जुने कारागीर चाचा ईदच्या सुट्टीवर होते, तुम्ही सुरतेला कापड बघायला गेला होता आणि मी एकवीस वर्षांची, शिंगं फुटलेली. स्पर्धेतल्या संघांचे साठ नग मी एकटीनं छापले. कड साफ, रंग जागेवर, कुणी खोट काढून दाखवावी. फक्त रंग धुण्यात टिकावा म्हणून त्यात जे फिक्सर मिसळायचं, ते मी घातलंच नाही, गडबडीत विसरले. पहिल्याच सामन्यात घामानं आकडे ओघळले. म्हणे पंचाला सातवा कोण आणि नववा कोण ते कळेना. आज मला त्याचं हसू येतं. तेव्हा तुम्ही दुकानात, सगळ्या कारागिरांसमोर, आवाज न चढवता म्हणालात, "आपली खोट आजवर उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. उद्यापासून तू दुकानात यायचं नाय."

मी आले नाही. तुमच्याशी बोललेही फारसं नाही, कारण राग तुमचाच घेऊन जन्मले. दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी तुम्ही जेवायला घरी आलात, हात धुवायच्या आधीच तो निळा टी-शर्ट माझ्यापुढे ठेवलात. छातीवर आपल्याकडच्या हिमरू विणीच्या शालीवर असते तशी फुलाची बुट्टी, तीन रंगांत. दौलताबादच्या किल्ल्याखाली प्रवाशांना वस्तू विकणाऱ्या एकाची ती ऑर्डर होती, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही नेहमीचंच म्हणालात, खोट सांग, मग घाल. मी दारात नेऊन पाहिला, उलटा करून पाहिला, ताणून पाहिला. काहीच सापडेना. तुम्ही थोडा वेळ थांबलात, मग "राहू दे" म्हणून जेवायला बसलात. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि भाऊ पुण्याला नोकरीत होता म्हणून मी दुकानात जाऊन बसले. लोक म्हणतात, अण्णांनी दुकान लेकीच्या हाती दिलं. मी मान डोलावते. पण तुम्ही दिलं होतं का, हेच तर मला माहीत नाही.

तो टी-शर्ट म्हणजे काय होतं, अण्णा? त्यात खोट नव्हतीच आणि मी ते धीटपणे सांगावं म्हणून तुम्ही थांबला होता का? मग ती माफी होती आणि मला ती घेता आली नाही. की फिक्सर न घालता मुद्दाम तो एक नग काढलात, माझीच चूक माझ्या हातात ठेवलीत? मग ती परीक्षा होती, आणि त्यातही मी नापास झाले. की त्या ऑर्डरीतला साधा उरलेला नग होता आणि तुम्हाला फक्त भूक लागली होती? माप माझंच होतं, पण माझ्या मापाच्या बायका दौलताबादला येतच असतील. सकाळी एक खरं वाटतं, दुपारी दुसरं.

परवा चाचांना बोलावून दाखवला. आता ते काठी घेऊन चालतात, पण कापड हातात आलं की बोटं जुनीच. त्यांनी अंगठ्यानं बुट्टी घासली, उजेडात धरली आणि म्हणाले, "दिसायसारखी खोट नाय, बेटी. धुऊनच कळली असती." मी म्हटलं, मग आता धुते. ते हसले. "अब क्या फायदा? इतक्या वर्सांत रंग आपोआप पकड धरतो. तवाच धुवायला पायजे होता." त्या ऑर्डरीत एवढं लहान माप होतं का, असंही विचारलं. त्यांना आठवेना.

काल तरी मी बादली भरलीच. साबण लावला, पिळला, गच्चीवर वाळत घातला. रंग तसाच राहिला. तो तुम्ही टिकवला की वर्षांनी, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. वाळल्यावर घडी घातली, हे पत्रही त्यातच ठेवून पेटी बंद करणार आहे. तुम्ही समोर असता तर धुतलेला नग हातात घेऊन, किती जोरात चोळलास, हेच पहिलं विचारलं असतंत, म्हणून आधीच सांगते. बुट्टीवर मी साबण जोरात चोळला नाही, अण्णा. हलकेच हात फिरवला.