मापांची वही आणि आमची प्रतिष्ठित गल्ली

ती. दादास धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (वहिनी म्हणते, काम सांगितलं की दुखतो. मी विश्वास ठेवला नाही, नुसती हसले.) मी ठणठणीत आहे आणि बाबांचं शिवणाचं दुकानही जागेवर आहे. ते उठवायला निघालेत, पण मी हलणार नाही.

झालं असं, की आपल्या गल्लीला आता परिसर म्हणतात. परिसराला समिती आहे, समितीला अध्यक्ष आहेत आणि अध्यक्षांना इतिहास हवा झालाय. कोपऱ्यावर संगमरवरी पाटी लागणार : येथे पहिल्यापासून प्रतिष्ठित घराणी नांदत आली. पाटीला कोपरा हवा आणि कोपऱ्यावर आपण. (आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.) नोटीस आली, की मशीनची खडखड परिसराच्या दर्जाला शोभत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, यांचा दर्जा शिवला कुणी? आज ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत, त्यांच्या आज्या झिजलेल्या कॉलरी उलटवून घ्यायला बाबांकडेच यायच्या. बापाची विजार थोरल्याला, थोरल्याची धाकट्याला, आणि उरल्या कापडाची पिशवी.

सभेला गेले ती मापांची वही काखेत मारूनच. उभी राहिले आणि घरवार वाचायला लागले. कुणाच्या आजोबांचा लग्नातला कोट आतली बाजू बाहेर करून शिवलेला, कुणाच्या विजारीला बसायच्या जागी किती ठिगळं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, बसा आता." मी म्हटलं, "बसते की. माझ्या दुकानात बसते." शेवटी गल्लीतल्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, ही वही हाच खरा इतिहास, ती काचेच्या पेटीत मांडू आणि पेटी दुकानातच ठेवू. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनीही नाइलाजाने दोन वाजवल्या. रविवारी वही समितीला दाखवायची, की नोटीस मागे.

तुझी,
जागची न हललेली बहीण

ता. क. : बाबांची वही वाळवीने केव्हाच फस्त केली, हे तुला ठाऊक आहेच. मी नेली ती कोरी होती. वाचलं ते मात्र सगळं खरं, लहानपणी मशीनशेजारी बसून या डोळ्यांनी पाहिलेलं. तुझं अक्षर हुबेहूब बाबांचं आहे. शनिवारच्या आत ये आणि लिहून दे. पिवळे कागद मी मिळवलेत, फिकी शाईही.

आणखी एक : अध्यक्षांच्या आजोबांची कंबर मला आठवत नाही. बारीकच लिही. तेव्हा या गल्लीत सगळेच बारीक होते.